गाडीचा डावा कान

"माझ्याबद्दल लिहायचं तर लिहून टाक," काका परवा फोनवर म्हणाले, "पण नाव नको घालू. नंबर घाल."

नाव घालत नाही. पण नंबरही घालणार नाही, कारण ग्वाल्हेरला माधवगंजात त्यांच्या माडीवर चार वर्षं भाड्यानं राहिले, तेवढ्यात नंबर वाचून वाचून माझे डोळे शिणले होते. त्या घरात प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर नंबर. नळांना एक ते सहा. किल्ल्यांना सात ते वीस. मग विजेची बटणं, गॅसची नळी, अंगणातल्या दोन्ही बादल्या. मी राहायला गेले त्या संध्याकाळी काका माझ्या सामानातली इस्त्री उचलून खाली घेऊन गेले आणि तासाभरानं परत आणून दिली. तिच्या वायरीला चिठ्ठी होती. एकशे बारा.

"उघडून पाहिली," ते म्हणाले. "आत सगळं ठीक आहे."

"अहो, ती बिघडली नव्हतीच."

"ते उघडल्याशिवाय कसं कळणार, बेटा?"

या माणसाबरोबर आपलं महिनाभरसुद्धा जमणार नाही, असं मी आईला फोन करून सांगितलं. माझा स्वभाव मुळातच तापट, आणि आपल्या इस्त्रीच्या पोटात कुणी हात घातलेला मला चालत नाही.

मी मूळची मिरजेची. बँकेत आहे. बदली ग्वाल्हेरला झाली आणि शाखा मिळाली सिटी सेंटरला. तिथंच जवळ चांगले फ्लॅट मिळत होते, पण आईचा हट्ट की परक्या गावात मराठी घरातच राहायचं. ओळखीपाळखीतून हे घर मिळालं. काकांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. काका मात्र बंदूक सोडाच, दिवाळीत लवंगी फटाकासुद्धा लावत नाहीत. ते एका कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण सकाळी दहाला पांढरा शर्ट घालून ते जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसायचे, आणि त्या खोलीला घरात 'लॅब'च म्हणायचे. शर्ट नेहमी पांढराच. कपाटात अकरा होते, अकराही पांढरे. मी एकदा कुठल्याशा सणाला त्यांना छान निळ्या चौकड्यांचा शर्ट आणला. त्यांनी कापड बोटांनी चोळून पाहिलं, "मजबूत आहे," म्हणाले, आणि ठेवून दिला.

रंग या विषयाचंच त्यांना वावडं होतं. भाजी आणायला कधी जायचे नाहीत. काकूंनी टोमॅटो हा शब्द काढला की उठून लॅबमध्ये जायचे. लहान मुलासारखं काय हे, असं मला वाटायचं.

आणि मग त्यांची गाडी. गाडीसाठी तर लोक गच्चीवर यायचे.

काकांचं घर गल्लीच्या अगदी टोकाला. रस्त्यापासून एकशे ऐंशी पावलं, काकांनी मोजलेली. गल्ली सुरुवातीला बरी आहे, पण मध्यावर विजेच्या मीटरांची लोखंडी पेटी भिंतीतून पुढे आलेली आहे, आणि तिथं गाडी आणि पेटी यांच्यामध्ये चार बोटं उरतात. तीही गाडीनं कान पाडले तर. कान म्हणजे दारांवरचे आरसे. काकांच्या गाडीचे आरसे बटण दाबलं की मोटरवर आपोआप मिटायचे, आणि काका त्यांना आरसे कधी म्हणालेच नाहीत. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबायची, दोनदा हॉर्न वाजायचा, मग दोन्ही कान एकदम आत, आणि गाडी अशी हळू यायची की पुढून चालणारी म्हैससुद्धा तिच्या आधी पोचायची. अंगणात पोचल्यावर बटण दाबून कान पुन्हा उघडायचे. थंडीत रात्री त्या कानांना लोकरीचे पायमोजे घालायचे. ते माझे आहेत हे मला तिसऱ्या हिवाळ्यात कळलं.

ही जुनी गाडी घ्यायला काका गाठी मारलेली सुतळी खिशात घालून गेले होते. गल्लीची रुंदी त्या सुतळीवर. विकणारा इंजिनाबद्दल, ॲव्हरेजबद्दल बोलत होता, आणि काका एकेका गाडीला सुतळी लावत होते. शेवटी त्यानं कंटाळून विचारलं, "अंकल, कलर कौन सा चाहिए, वो तो बताइए."

"कोई भी," काका म्हणाले. "पहले कान मोड़ के दिखाओ."

ही हकीकत मला काकूंनी सांगितली. काकू म्हणजे ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, गुडघ्यांनी पार हैराण झालेल्या, आणि आवाजानं मात्र पंचविशीतल्या. लहानपणापासून गाणं शिकलेल्या. मी मिरजेची म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. मिरजेची म्हणजे गाण्यातलं कळत असणार. आठवड्याभरात त्यांनी जाहीर केलं, "अगं, तुला तर काहीच कळत नाही! मिरजेत राहून करत काय होतीस?"

काकूंना वॉकर घेऊन दहा-बारा पावलं चालता यायचं, त्याच्यापुढे नाही. ई-रिक्षा गल्लीत शिरायची, पण दोन वर्षांपूर्वी एका ई-रिक्षानं त्यांना भर बाजारात भाजीच्या ठेल्यावर उलटवलं होतं, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. तेव्हा घराबाहेर पडायचं तर एकच रस्ता: काकांची गाडी अंगणातून, दारातून थेट. नणंदेकडे, डॉक्टरकडे, देवळात, सगळीकडे दोघं बरोबर. त्यांच्यामागे बसून मी पुष्कळदा बाजारात गेले आहे. काकू सारख्या बोलत असायच्या. "खड्डा आहे हं. सायकलवाला आहे. झाला. चला." बिचाऱ्या काकांना एक मिनिट स्वस्थ गाडी चालवू देत नाहीत, असं मला वाटायचं.

घरातही तेच. काकांनी काहीही उघडलं, मिक्सर म्हणा, पंखा म्हणा, की काकू टॉर्च घेऊन शेजारी स्टुलावर हजर. "लाल. ही हिरवी. ती काळी." त्या सांगणार आणि काका प्रत्येक तारेला नंबराची चिठ्ठी बांधणार. चिठ्ठ्या बांधून झाल्याशिवाय एक तार सोडवायची नाही, आणि एकदा बांधल्या की मग त्या नंबरांवरच चालायचं, हा लॅबचा कायदा. नवऱ्याच्या प्रत्येक कामात नाक खुपसल्याशिवाय या बाईला चैन पडत नाही, हे माझं मत तेव्हा पक्कं झालं. माझी मतं फार लवकर पक्की होतात.

तर डिसेंबरात असं झालं की मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात काकूंना गायला बोलावलं. पंधरा मिनिटं. गुडघे गेल्यापासून, म्हणजे आठ वर्षांत, त्या चारचौघांत गायल्या नव्हत्या. मंडळाच्या बाई घरी येऊन विचारून गेल्या, तेव्हा काकू "बघू, बघू" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला विजेवरचा तानपुरा लावून बसल्या. डब्यासारखं ते छोटं यंत्र आठ वर्षं कपाटावर पडून होतं. मी माडीवर पांघरुणात पडून ऐकायची. सूर कळत नव्हते, पण बाई खुशीत आहे हे कळत होतं.

आठवडाभरानं काका काकूंना नणंदेकडे सोडून आले, आणि घरी कुणी नाही असं पाहून त्यांनी तो तानपुरा उघडला. त्यात मधूनमधून खरखर यायची, ती काढून काकूंना चकित करायचं होतं. काकू परत आल्या, बटण दाबलं, आतून थोडा धूर आला आणि तानपुरा कायमचा गप्प झाला.

काकूही गप्प झाल्या. आरडाओरडा नाही, भांडण नाही, सरळ अबोला. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात पहिला, असं काकाच मला खालच्या आवाजात म्हणाले.

मग त्या घरात मी पोस्टमन झाले. दोघं एकाच खोलीत, चार हातांवर बसलेली, मध्ये मी तिळाची गजक खात.

"त्यांना सांग, चहा होऊन गेला आहे."

"काका, चहा झालाय."

"तिला सांगून दे, येतो."

"काकू, येतायत. अहो, तुम्ही दोघं मला पगार देणार आहात का?"

एकदा मी काकूंना म्हटलं, "जाऊ द्या ना आता. यंत्रच ते. माझ्या मोबाइलवर तानपुरा आहे, त्यावर करा रियाज."

"बंद पडला त्याचा राग नाही गं मला," काकू म्हणाल्या. "मी घरात नसताना उघडलाच कशाला, हे विचार त्यांना."

मी विचारलं. काका चष्मा पुसत बसले. काकूंनी पहाटेचा रियाज मात्र माझ्या मोबाइलवर चालू ठेवला.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते. त्या रविवारी काका तो मेलेला तानपुरा पिशवीत घालून दुरुस्तीला न्यायला निघाले. चोरून. अंगणात गाडी सुरू केली, कान मिटायचं बटण दाबलं. उजवा कान शहाण्यासारखा आत आला. डावा करर्र करर्र करत अर्ध्यावर गेला आणि तिथंच अडकला. हातानं दाबला तर आत जाईना, ओढला तर बाहेर येईना. मीटरची पेटीही डावीकडेच. झालं, गाडी अंगणात कैद!

बिर्ला नगरहून एक मेकॅनिक मोटरसायकलवर आला. त्यानं कानाला एकदा हात लावला. "पूरी असेंबली बदलेगी, अंकल. पंद्रह दिन लगेंगे, ऊपर से आएगी."

"खोल के देखा?"

"खोलना क्या है, आवाज से पता चल रहा है."

काकांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की मला त्या पोराची दया आली. तो चाचरत म्हणाला, "जल्दी है तो शीशा निकाल देता हूँ. बिना शीशे के निकल जाएगी."

"मेरी गाड़ी बूची नहीं जाएगी," काका म्हणाले. बूची म्हणजे कान कापलेली. मग मराठीत माझ्याकडे वळून, "आणि मागचं न बघता हिला घेऊन मी रस्त्यावर नाही निघणार."

मी आपले उपाय सुचवले. रस्त्यावर टॅक्सी उभी करू आणि काकूंना खुर्चीत बसवून चार जणांनी उचलून नेऊ.

"खुर्चीवर उचलून?" काकू कडाडल्या. "चार जणांनी? अगं, मी अजून जिवंत आहे!"

मग शांत झाल्या. "मंडळाच्या बाईंना फोन करून सांगून दे, या वेळी नाही जमणार. आठ वर्षं नाही गायले, नवव्या वर्षी नाही गायले तर कुणाचं काय अडतंय."

मी फोन केला नाही. पण दुसऱ्या दिवशी सहा वाजता खालून आवाज आला नाही. साडेसहालाही नाही. मी खाली गेले तर काका अंगणात, मफलर गुंडाळून, काकूंच्या खिडकीकडे बघत उभे.

"आज वाजलं नाही काही?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"उद्यापण नाही वाजणार?"

"मला काय माहीत! त्या जात नाही म्हणतायत."

"आठ वर्षांनी गात होती," काका म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि लॅबमधून पेटी घेऊन आले.

त्यानंतरचे पाच दिवस मी बँकेतून आले की अंगणातच बसायची. आरसा दुरुस्त करणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा समजलं. आधी काच काढायची. ती थंडीनं इतकी घट्ट बसलेली की जोर केला तर तडकणार. काकांनी काकूंची गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी आणली आणि मफलरनं आरशावर बांधली. पाच मिनिटांनी पिशवी बदलायची. काकू खिडकीतून बघत होत्या. गुडघे धरून बसल्या, पण पिशवी मागितली नाही. काच सुटली. मग पाठीवरचं झाकण. मग तीन स्क्रू. मग एक दांडगी स्प्रिंग, जी सुटली आणि थेट तुळशीत जाऊन पडली. आणि सगळ्यात आत, बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं चक्र. त्याचे दोन दात तुटले होते.

"एवढ्याशा दोन दातांसाठी तो पूर्ण कान कापायला निघाला होता," काका म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदा ते हसले.

चक्र सुटं मिळत नव्हतं. काकांनी दिवसभर फोन करून दिल्लीतल्या एका जुन्या पार्टवाल्याला गाठलं. त्याच्याकडे तशाच गाडीची मोटर होती, चक्रासकट. ती कुरिअरनं शनिवारी दुपारी आली. कार्यक्रम रविवारी पाचला.

शनिवारी मी घरी आले तेव्हा काका लॅबच्या दारात उजेडाला बसून नव्या मोटरच्या तारांना चिठ्ठ्या बांधत होते. एकटेच. तार डोळ्यांजवळ न्यायची, लांब धरायची, मान वाकडी करायची, पुन्हा जवळ. स्वयंपाकघरात काकूंनी टॉर्च उचलला. वॉकरपर्यंत हात गेला. मग टॉर्च परत फळीवर ठेवला आणि त्या कणीक मळायला बसल्या.

"मी धरू का टॉर्च?" मी विचारलं.

"नको नको. होऊन गेलं आहे," काका घाईनं म्हणाले.

रविवारी दुपारी अडीचला सगळं जागच्या जागी बसलं. काच, झाकण, स्क्रू, तुळशीतली स्प्रिंग. आत, 'जात नाही' म्हणणाऱ्या काकू एक वाजल्यापासून चंदेरी गावची ठेवणीतली साडी नेसून, केसांत फूल माळून, जपमाळ घेऊन बसल्या होत्या. काकांनी माझ्याकडे बघितलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

उजवा कान मिटला. डावा बाहेरच, नुसता गुर्र करून थांबला.

पुन्हा दाबलं. उजवा उघडला, आणि डावा झोकात मिटला!

पुन्हा. डावा बाहेर, उजवा आत. काही केलं तरी एक आत गेला की दुसरा बाहेर. मला हसू आवरेना. मग काकांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. गल्लीतून जायला दोन्ही कान मिटायला हवे होते, आणि घड्याळात तीन वाजत आले होते.

काकांनी आरसा पुन्हा उघडला. चिठ्ठ्या तपासल्या. "तीन नंबर तीनला. चार नंबर चारला. बरोबर तर आहे." पुन्हा तपासल्या. "बरोबर आहे. चूक नाही." तिसऱ्यांदा तपासल्या आणि पालथ्या बादलीवर बसून राहिले.

माझं डोकं फिरलं. आत ती बाई फूल माळून बसलेली, आणि हे नंबर वाचतायत! मी पुढे होऊन तारांवरची काळी चिकटपट्टी ओरबाडून काढली.

"अहो काका, लाल तार हिरवीला जोडलीय तुम्ही! आणि हिरवी लालला! उलटीच फिरणार ना मोटर! काय नंबर-नंबर लावलंय, डोळ्यांना दिसत नाही का?"

काकांनी चष्मा काढला.

"नाही," ते म्हणाले. "नाही दिसत, बेटा. मला दोन्ही सारख्याच दिसतात."

मला काही समजायच्या आत मागून वॉकरचा ठक ठक आवाज आला. काकू ओसरीवरून येत होत्या. दहा पावलं, अकरा, बारा, चौदा. वॉकरच्या दांडीला टॉर्च लटकवलेला. आल्या आणि मला म्हणाल्या, "हो बाजूला." काकांना बादलीवरून उठवलं, आपण तिथं बसल्या, साडी गुडघ्यात खोचली आणि टॉर्च पेटवला.

"अहो," त्या म्हणाल्या. पंधरा दिवसांतला त्यांचा नवऱ्याशी पहिला शब्द. "धरा इकडे. ही लाल. ती नाही, अंगठ्याखालची. हं. हिला बांधा तीन. आता त्या मोटरची द्या. ही हिरवी, हिला चार. ती दुसरी लाल. तीन. चिठ्ठी नीट बांधा, गाठ सैल आहे."

काका बांधत होते. नाक ओढत होते, थंडी होती. दहा मिनिटांत तारा पुन्हा जोडून झाल्या, आणि बटण दाबलं तेव्हा दोन्ही कान एकदम, एका सुरात मिटले. मला सूर कळत नाही, पण तेवढा कळला.

काका हात धुवायला गेले तेवढ्यात काकूंनी मला सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा लाल टोमॅटो आणायला पाठवलं तर हिरवेगार घेऊन आले, तेव्हा त्यांना कळलं होतं. जन्मापासूनच तसं. त्यापायी रेल्वेची नोकरी हातची गेली होती, डॉक्टरी तपासणीत. म्हणून कॉलेजात कधी कुणाला बोलले नाहीत. दिवसभर तिथल्या सगळ्या तारांना नंबर बांधून ठेवायचे, आणि अडलेली वस्तू पिशवीतून घरी आणायचे, काकूंना विचारायला. प्रोफेसर लोक त्यांच्या शिस्तीचं कौतुक करायचे.

"आणि गाडी?" मी घाबरून विचारलं. "सिग्नल?"

"वरचा दिवा थांबायचा, खालचा जायचा, एवढं त्यांना माहीत आहे की," काकू म्हणाल्या. "पण मी सांगितल्याशिवाय हलत नाहीत. मी शेजारी नसले तर सिग्नलच्या रस्त्यानं जातच नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "आणि माझ्याशिवाय काही उघडत नाहीत. त्या दिवशी उघडलं. मला म्हातारीला काय काम राहिलं मग या घरात?"

चार वर्षं मी या बाईला नाक खुपसणारी म्हणत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी जाऊन वॉकर पुसायला लागले. हे सगळं लिहू का, असं मी काकांना परवा विचारलं, तर म्हणाले, "लिहून टाक. आता कोण मला नोकरीवरून काढतो?"

साडेतीनला गाडी अंगणातून निघाली. मीटरच्या पेटीपाशी चार बोटं उरली. गच्च्यांवरून लोक बघत होते, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रस्त्याला लागल्यावर कान उघडले. पहिल्या सिग्नलला मी मागून नीट बघितलं: काका दिव्याकडे बघतच नव्हते, काकूंच्या तोंडाकडे बघत होते. "झाला, चला," काकू म्हणाल्या आणि गाडी निघाली.

कार्यक्रमात काकूंच्या शेजारी माझा मोबाइल तानपुरा म्हणून ठेवला होता, आणि मध्येच बँकेतून कुणाचा फोन येऊ नये म्हणून मी त्यावर येणारे फोन तीनदा तपासून बंद केले होते. पंधरा मिनिटांच्या त्या पंचवीस मिनिटं गायल्या. कुणी थांबवलं नाही. सुरुवातीला आवाज जरा कापला, मग मोकळा झाला, आणि मग मला माझा रुमाल सापडेना. काका पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, गुडघ्यांवर हात. मध्येच ते माझ्या कानाशी वाकले.

"ही साडी कुठल्या रंगाची आहे?"

"हिरवी, काका. काठ लाल आहे."

त्यांनी मान हलवली. खिशातून कोरी चिठ्ठी काढली, अंधारात चाचपडत काहीतरी लिहिलं आणि परत खिशात ठेवलं.

परतताना काकू दमल्या होत्या, मांडीवर मंडळाचा नारळ होता. सिग्नलला गाडी थांबली. काकांनी खिशातली चिठ्ठी काढून समोरच्या दिव्याच्या उजेडात एकदा वाचली, घसा साफ केला आणि म्हणाले, "हिरव्या साडीवर तो लाल काठ छान दिसत होता."

काकूंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग त्या पुढे वळल्या आणि नारळावरून हात फिरवू लागल्या.

सिग्नल हिरवा झाला. मला दिसला. काकू काही बोलल्या नाहीत. मागून हॉर्न वाजायला लागले, एक, दोन, मग सगळेच. बाजूनं जाणारा एक स्कूटरवाला ओरडला, "चलो ना अंकल, सो गए क्या?" काका स्टीअरिंग धरून, काकूंकडे बघत, शांतपणे थांबून होते.

"झाला का गं?" त्यांनी विचारलं.

"झालाय," काकू म्हणाल्या. "पण थांबा जरा. काय म्हणालात, ते पुन्हा सांगा."